मदत हवी आहे: पॉवर ट्रेसमधून एईएसची की निघत नाही

अडलेला_हरी: शुक्रवारी प्रोजेक्टचं सादरीकरण आहे. अर्डुइनोची चिप ब्रेडबोर्डवर घेऊन एईएस-१२८ (गुप्त की वापरून माहिती सांकेतिक करणारी पद्धत) चालवलंय, ग्राउंड पिनवर रेझिस्टर, त्यावर ऑसिलोस्कोप. ५०० ट्रेस (चिपने ओढलेल्या विजेचे आलेख) घेतले, पायथनमध्ये कोरिलेशन लावलं. कीचा एक बाइट मिळेल तर शपथ! काय चुकतंय? लवकर सांगा.

खडूस_इलेक्ट्रॉन: रेझिस्टर किती ओहमचा? ट्रिगर कुठून? डिकपलिंग कपॅसिटर काढलेत? की आम्ही पत्रिका मांडायची?

अडलेला_हरी: १० ओहम. ट्रिगर वेगळ्या पिनवर. कपॅसिटर आहेत तसेच. पण एईएसचे १० राउंड (फेऱ्या) स्पष्ट दिसतात, शेवटचा आखूडसुद्धा.

खडूस_इलेक्ट्रॉन: कपॅसिटर काढा. बारीक चढउतार तोच गिळतो.

पुणेरी_सोल्डर: काढले की चिप रीसेट होत बसते, स्वानुभव. त्यापेक्षा टायमर इंटरप्ट बंद करा. तो मध्येच घुसला की ट्रेस सरकतात.

खडूस_इलेक्ट्रॉन: रीसेट तुमच्या सोल्डरिंगमुळे होत असेल.

मंदाकाकू: २०१८ मध्ये मेल्टडाउन नावाच्या प्रोसेसरमधल्या त्रुटीचा पॅच टाकल्यापासून माझा लॅपटॉप रखडतो. हेच का ते?

पुणेरी_सोल्डर: चुलत भावंडं म्हणा, काकू. तिथे कॅशमधून (प्रोसेसरच्या जलद मेमरीतून) उत्तर किती लवकर येतं त्यावरून गुपित ओळखतात, इथे चिपने ओढलेल्या विजेवरून.

सावध_नागरिक: ओटीपी कोणालाही देऊ नका.

बिटबाप्पा: शेवटच्या राउंडमध्ये मिक्सकॉलम्स (बाइट मिसळायची पायरी) नसतं म्हणून तो आखूड. म्हणजे सिग्नल ठीक आहे. हरी, प्लेनटेक्स्ट (सांकेतिक करायचा मजकूर) काय पाठवता?

अडलेला_हरी: सोळाही बाइट शून्य. पाचशेही वेळा तेच, म्हणजे सरासरीत नॉइज जाईल. हे सांगायला हवं होतं का?

बिटबाप्पा: अहो, हेच तर सांगायचं होतं! एका की-बाइटचे २५६ अंदाज, प्रत्येकासाठी एस-बॉक्सच्या (बाइट बदलणाऱ्या तक्त्याच्या) उत्तरात १ असलेले बिट किती हे मोजायचं आणि ते आकडे ट्रेसशी ताडायचे. प्लेनटेक्स्ट बदललंच नाही तर प्रत्येक अंदाजाचा आकडा पाचशे ट्रेसना एकच. ताडणार कशाशी? कोचर, जॅफे आणि जन यांनी १९९९ मध्ये डीपीए (विजेच्या वापरातल्या फरकांवरून की काढणं) मांडलं तेही बदलत्या डेटाच्याच जोरावर.

अडलेला_हरी: म्हणून पायथन शून्याने भागल्याची वॉर्निंग देत होता! मी एक ओळ टाकून ती वॉर्निंगच बंद केली होती.

पुणेरी_सोल्डर: 🙏

अडलेला_हरी: रँडम प्लेनटेक्स्टने पुन्हा ५०० घेतले. पहिला बाइट २बी, बरोब्बर! १६ पैकी १३ आले.

खडूस_इलेक्ट्रॉन: उरलेल्या तिघांसाठी कपॅसिटर काढा. पहिल्यापासून सांगतोय.