मदत हवी आहे – फायर फायटर्स चॅरिटीच्या सेंटरला कोणी राहून आलंय का?

नमस्कार मंडळी, आम्ही लीड्सजवळ राहतो, नवरा १४ वर्षं फायर सर्व्हिसमध्ये आहे. गेल्या हिवाळ्यात एका कॉलवर त्याचा गुडघा दुखावला, ऑपरेशन झालं, पण अजून जिना एक एक पायरी तिरका होऊन उतरतो आणि विचारलं की म्हणतो "काही नाही गं, थंडीमुळे". झोपेचं तर विचारूच नका, रात्री ३ ला उठून किचनमध्ये अंधारात नुसता बसलेला असतो.

त्याच्या स्टेशनवरच्या एकाने फायर फायटर्स चॅरिटीचं नाव सुचवलं. म्हणजे माहीत होतं हो, स्टेशनवर गाड्या धुऊन पैसे जमवतात ते याच चॅरिटीसाठी, पण ही १९४३ पासून, ऐन महायुद्धात सुरू झालेली आहे आणि फिजिओ, मानसिक आधार असं सगळं बघते हे आत्ता कळलं. त्यांचं पेनरिथचं सेंटर, ज्युबिली हाऊस, आम्हाला जवळ पडेल, बाकी सेंटर्स डेव्हन आणि लिटलहॅम्प्टनला, तिकडे म्हणजे अख्खा दिवस गाडीतच.

तर कोणाच्या घरचं कोणी तिथे जाऊन आलंय का? बायको-मुलांना सोबत राहता येतं का, दिवसभराचं रुटीन कसं असतं, आणि शाकाहारी जेवण नीट मिळतं की नुसते बटाटे? 😅

खरी अडचण वेगळीच आहे, हा माणूस फोनच करत नाहीये, "माझ्यापेक्षा जास्त गरज असलेले आहेत" हे एकच पालुपद. तुम्ही तुमच्या माणसाला कसं तयार केलंत ते सांगा प्लीज.