मदत हवी आहे : सांगलीत राहून आइस हॉकी?

नमस्कार मंडळी. हसू नका, पण पोरगं ऐकेना झालंय.

वय १३, आम्ही विश्रामबागला राहतो. पाच वर्षं स्केटिंग करतोय, इनलाइनवर (एका रांगेत चाकं असलेले स्केट) रोलर हॉकीही खेळतो. ६ एप्रिल २०२५ ला एनएचएलमध्ये (अमेरिका-कॅनडातली आइस हॉकीची मोठी लीग) रशियाच्या ओवेचकिननं ८९५ वा गोल मारून ग्रेट्झकीचा सर्वाधिक गोलांचा विक्रम मोडला, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. आता ह्याला त्यातच करिअर करायचंय. आमच्याकडे बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरचा!

एनएचएलचं स्वप्न मी मनातल्या मनात बाजूला ठेवलंय (त्याला अजून बोललो नाही). तिथं ३२ संघ, १८ व्या वर्षी ड्राफ्ट (म्हणजे संघ नवी पोरं निवडतात ते), आणि तिकडची पोरं शाळेत जायच्या आधीच बर्फावर उभी राहतात. आपल्याकडे हा खेळ मुख्यतः लडाखचा. लष्कर आणि आयटीबीपीचे (भारत-तिबेट सीमा पोलीस) संघ आहेत, म्हणजे नोकरी करत खेळता येतं. मला तरी हीच वाट खरी वाटते. २०२५ मध्ये आपल्या मुलींनी आशिया कपला कांस्य आणलं, त्यातही लडाखच्याच जास्त.

तर कुणाची मुलं चाकांवरून बर्फावर गेलीत का? मुख्य अडचण ब्रेकची, असं कोच म्हणतात; बर्फावर पातं आडवं घासून थांबावं लागतं. ते शिकायला किती दिवस जातात? हिवाळ्यात लेहला बाहेरच्या मुलांना शिबिरात घेतात का? की आधी गुरुग्रामच्या रिंकवर महिनाभर न्यावं? गोलकीपरचं जुनं किट कुठं मिळेल? नवीन परवडणारं नाही.

त्याची आई म्हणते, दहावी होऊ दे आधी.