कापसाची खंडी किती किलोंची?

माझी भाची इथे मुंबईत भाषांतराचं काम करते. परवा तिच्याकडे कापसाच्या भावाची इंग्रजी बातमी आली, भाव ‘कँडी’ला दिलेला. ही कँडी म्हणजे आपली खंडी, हे तिनं बरोबर ओळखलं. पुढे किलो द्यायचे म्हणून कोश उघडला. त्यात ‘वीस मण’. मणाचे ३७.३२ किलो धरून तिनं ७४६ किलो लिहिलं आणि “मामा, एकदा बघ ना” म्हणून मला पाठवलं. कापसाची खंडी भरते ३५५.६२ किलो. निम्म्याहूनही कमी!

कोश चुकलेला नाही. मेख मणात आहे. ३७.३२ किलोंचा मण म्हणजे चाळीस पक्क्या शेरांचा. मुंबईचा जुना मण त्याहून कितीतरी लहान, २८ पौंडांचा, म्हणजे साधारण १२.७ किलो. असे वीस मण घेतले तर खंडी ५६० पौंडांची होते. कापसाच्या व्यापारात मात्र खंडीला वीस नाही, अठ्ठावीस मण धरत. अठ्ठावीस गुणिले अठ्ठावीस करून बघा: ७८४ पौंड, तेच हे ३५५.६२ किलो. वजनमापांच्या १९५६च्या कायद्यानंतर शेर-मण दुकानांतून गेले, कापसाची गाठसुद्धा आता १७० किलोंची बांधतात, पण सरकी काढलेल्या कापसाचा भाव अजून खंडीलाच बोलतात.

आमच्या आजोळी, कोकणात, खंडी काट्यावर चढतच नसे. भात पायलीनं मोजायचं. पहिली पायली ओतताना ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं, मग ‘दोन’, ‘तीन’. मोजणाऱ्याशी मध्येच कुणी बोललं तर आजी डोळे वटारायची. ठरावीक पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. पायलीत भात किती राहतं त्यावर सगळं, वजनाचा संबंध नाही. ‘तीन खंडीचं शेत’ म्हटलं की पीक किती येतं ते कळायचं. आणि मेंढ्यांची खंडी म्हणजे वीस नग.

म्हणजे एकाच शब्दात वजन, आकारमान आणि नुसती संख्या. मला वाटतं, खंडीच्या पोटात मुळात ‘वीस’च आहे आणि कापूस तेवढा अपवाद. किलोग्रॅमची व्याख्या २०१९मध्ये बदलली, धातूचा ठोकळा जाऊन प्लांकचा स्थिरांक, म्हणजे भौतिकशास्त्रातला एक ठरलेला आकडा, आला, तरी भाजीवालीच्या काट्यावर काही हललं नाही. खंडीचं तसं नाही. कशाची खंडी, हे विचारल्याशिवाय तिला किलोत नेऊच नये.

भाचीला मी सांगितलं, ‘कँडी’ नको, ‘खंडी’च लिही, फक्त पहिल्या उल्लेखाला ‘सुमारे ३५६ किलो’ जोड.

आता तुम्हाला विचारतो. मण कुठे बारा पायल्यांचा ऐकलाय, कुठे सोळा. तुमच्या गावी किती? आणि पहिल्या मापाला ‘लाभ’च म्हणतात की दुसरा काही शब्द आहे?