पणजोबांचं 'ओशन' जहाज नक्की कधी बुडालं? उद्या सकाळपर्यंत हवंय

निनाद_वाई
नमस्कार. शाळेच्या शताब्दी स्मरणिकेत पहिल्या महायुद्धात लढायला गेलेल्या गावकऱ्यांवर एक पान आहे. त्यात पणजोबांचं टिपण मी लिहितोय, उद्या दहाला छापखान्यात द्यायचंय. घरात लहानपणापासून ऐकत आलोय की त्यांची 'ओशन' आगबोट बुडाली आणि ते पोहून वाचले. तारीख आणि ठिकाण एवढंच हवंय. नेटवर तीन-तीन ओशन निघतायत. पक्कं माहीत असेल त्यांनीच सांगा प्लीज.

दर्यावर्दी
ब्रिटिश आरमाराचं ओशन म्हणजे विमानवाहू जहाज. ३ डिसेंबर १९४५ला एरिक ब्राउन यांनी त्यावर व्हँपायर जेट उतरवलं. विमानवाहू जहाजावर जेट उतरायची ती पहिलीच वेळ. हे जहाज बुडालेलं नाही.

निनाद_वाई
पहिलं महायुद्ध असं वर लिहिलंय.

अनघा_प
निनाद, पलटण कोणती? निघाले कधी, कुठून? पदक किंवा एखादा कागद आहे का? याशिवाय काही सांगता येणार नाही.

निनाद_वाई
मराठा पलटण. १९१४, मुंबईहून.

सह्याद्रीकर
१९१४ आणि मुंबई म्हणजे स्विफ्टशर, डोळे मिटून लिहा. ईस्ट इंडीज स्टेशनचं, म्हणजे ब्रिटिश आरमाराच्या हिंदी महासागरातल्या तुकडीचं ते मुख्य जहाज. सप्टेंबर ते नोव्हेंबर मुंबईहून एडनकडे जाणाऱ्या फौजेच्या ताफ्यांना त्याचीच सोबत होती. मूळ चिलीसाठी बांधलेलं, डिसेंबर १९०३मध्ये ब्रिटननं विकत घेतलं. म्हणून मुख्य तोफा १० इंची, त्या काळच्या बहुतेक ब्रिटिश युद्धनौकांवर १२ इंची असत. शंभर वर्षांत घरच्या तोंडी नावं बदलतात.

जुनी_नाणी
स्विफ्टशर बुडालंच नाही, १९२०मध्ये मोडीत विकलं. बुडालं ते त्याचं जुळं, ट्रायम्फ. २५ मे १९१५, जर्मन पाणबुडी यू-२१. आणि इतकं वेगळं नाव उगाच ओशन होत नाही.

सह्याद्रीकर
मुंबईचा संबंध स्विफ्टशरशी आहे, यावर मी ठाम आहे.

अनघा_प
ओशनशीही आहे. निनाद, 'मराठा' एवढ्यानं भागत नाही हो, १०३, ११०, ११७ अशा कितीतरी पलटणी होत्या. काशाचा तारा, म्हणजे त्या युद्धाचं ताऱ्याच्या आकाराचं पदक असेल तर मागची बाजू बघा, नंबर, नाव, पलटण कोरलेली असते. आणि 'ओशन बुडाली' हे कुठे लिहिलंय का? असेल तर शब्द जसेच्या तसे द्या.

निनाद_वाई
आईनं देव्हाऱ्यातून तारा काढला. दर दसऱ्याला चिंचेनं घासून मागची अक्षरं पार झिजलीत. बॅटरी तिरकी धरल्यावर '११७' दिसलं, पुढे 'महरट्टाज'. कागद मोडीत आहे, आत्यानं वाचून दिलेलं असं: 'ओशन मनवार बुडाली. माणसे निघाली.' पण याचा तारखेशी काय संबंध?

अनघा_प
सगळा संबंध आहे. मनवार म्हणजे तोफांचं लढाऊ जहाज, जुन्या मराठीत सरसकट येणारा शब्द. पलटणी मनवारीतून जात नसत, त्या आगबोटीतून जात आणि मनवार सोबतीला असे. पणजोबांनी 'माझी आगबोट' असं कुठेच लिहिलेलं नाही.

ओशन कॅनोपस वर्गातलं, डेव्हनपोर्टला बांधलेलं. १८९८मध्ये पाण्यात उतरलं, १९००मध्ये आरमारात आलं. चार १२ इंची तोफा. काही वर्षं चीनच्या समुद्रात होतं, तिथे १९०२मध्ये टायफूननं झोडपलं. १९०६मध्ये ड्रेडनॉट ही नव्या धर्तीची ब्रिटिश युद्धनौका आली आणि ही सगळी पिढी एका फटक्यात जुनी झाली.

आता तुमचा भाग. १६वी ब्रिगेड, म्हणजे पुण्याची, जनरल डेलामेन यांच्या हाताखाली १६ ऑक्टोबर १९१४ला मुंबईहून निघाली. ११७ मराठा त्यातच. इराणच्या आखातात सोबत ओशनची. २३ला बहारीन, ६ नोव्हेंबरला इराकच्या किनाऱ्यावरचं फाव. तिथे शत्त-अल-अरब नदीच्या मुखाशी पाणी उथळ, एवढं मोठं जहाज आत शिरेना, म्हणून तिथल्या तुर्की किल्ल्यावर तोफा डागल्या त्या छोट्या ओडिननं. २२ नोव्हेंबरला बसरा हाती आलं.

पुढे ओशन सुएझमार्गे तुर्कस्तानातल्या दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीत गेलं. १८ मार्च १९१५ला सुरुंग लागलेल्या इर्रेझिस्टिबल या ब्रिटिश युद्धनौकेच्या मदतीला गेलं आणि स्वतःच सुरुंगावर आदळलं. तुर्कांच्या नुसरत या सुरुंग पेरणाऱ्या जहाजानं दहा दिवस आधी एरेनकॉयच्या उपसागरात गुपचूप पेरलेले सुरुंग. त्यातच सुकाणूचं यंत्र तोफगोळ्यानं निकामी. विनाशिकांनी जवळजवळ सगळ्यांना उतरवून घेतलं आणि रात्री जहाज तळाला गेलं. 'माणसे निघाली' हे पणजोबांनी अगदी बरोबर लिहिलंय.

सह्याद्रीकर
११७ असेल तर ओशन. एडनकडच्या ताफ्यांबद्दल माझं म्हणणं कायम आहे.

निनाद_वाई
म्हणजे पोहून वाचले हे खोटं? आजी शेवटपर्यंत तेच सांगायची.

अनघा_प
खोटं कशाला? ज्या मनवारीनं आखातात सांभाळून नेलं ती पाच महिन्यांत बुडाल्याची बातमी त्यांना कळली आणि त्यांनी ती लिहून ठेवली. पोहण्याचं नंतर कुणीतरी जोडलं असेल. छापताना 'ओशनच्या सोबतीनं फावला उतरले' एवढं बिनधास्त लिहा.

दर्यावर्दी
१९९५ला पाण्यात उतरलेलं तिसरं ओशन २०१८मध्ये ब्राझीलनं घेतलं, तेही बुडालेलं नाही.

जुनी_नाणी
निनाद, ११७चे पुष्कळ लोक इराकमधल्या कूटला तुर्कांच्या वेढ्यात सापडले. २९ एप्रिल १९१६ला शरणागती, मग तुर्कांची कैद. पणजोबा घरी कधी आले?

निनाद_वाई
१९१९. आजी म्हणायची, दारात उभे होते तरी पणजीनं ओळखलं नाही, इतके वाळले होते.

अनघा_प
अहो, हे आधी का नाही सांगितलंत?

निनाद_वाई
मी जहाजाचं विचारत होतो ना. छापखान्याला फोन करून एक दिवस मागून घेतो. तो मोडी कागद पाठपोट आहे, मागची बाजू आत्यानं अजून वाचलेली नाही.