ब्रिटिश मालिकांत लेस्बियन बायका मरतातच का?

शमी_लीड्स: 'लास्ट टँगो इन हॅलिफॅक्स' बघतेय. कॅरोलाइन मुख्याध्यापिका, केट तिच्याच शाळेतली शिक्षिका. दोघींचं लग्न लागतं आणि दुसऱ्याच दिवशी गरोदर केटला गाडी उडवते! बाळ वाचतं, केट जाते. ही २०१५ची गोष्ट. रडले, पण त्याहून जास्त संताप आला. पूर्वीपासून असंच आहे का?

मोगरा६४: शमी, आम्ही नव्वदीच्या दशकात लिव्हरपूलला होतो. हे हॉस्पिटलात ज्युनियर डॉक्टर, मी दिवसभर क्वार्टरमध्ये एकटी. 'ब्रुकसाइड' तिथलीच मालिका, एकही भाग चुकवत नसे. जानेवारी १९९४मध्ये बेथ आणि मार्गारेटचं चुंबन दाखवलं, तेही रात्री नऊच्या आत, म्हणजे घरची पोरंबाळं टीव्हीसमोर असताना. त्याआधी बेथच्या घरात केवढं घडलेलं! छळणाऱ्या बापाला मायलेकींनी मारून अंगणात पुरलेलं. मला ती पोर फार जवळची वाटायची. १९९५मध्ये मालिकेने तिला तुरुंगातच मारून टाकलं. २०१२च्या लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनात तेच चुंबन साऱ्या जगाला दाखवलं, तेव्हा ऊर भरून आला. पण बेथला जगू द्यायला हवं होतं, हे मी आजही म्हणेन.

अनिकेत_क: पुरुषांच्या वाट्याला थोडं बरं आलं. बीबीसीच्या 'ईस्टएंडर्स' मालिकेत समलैंगिक कॉलिन १९८६मध्ये आला. १९८८मध्ये सेक्शन २८ लागू झालं. स्थानिक कौन्सिलांनी समलैंगिकतेला 'प्रोत्साहन' देऊ नये, असा कायदा. त्या धाकाने शिक्षक वर्गात या विषयावर तोंड उघडत नसत. अशा काळात, १९८९मध्ये, बीबीसीने कॉलिन आणि गिदोचं चुंबन दाखवलं. कॉलिन झालेला मायकेल कॅशमन त्याच वर्षी समलैंगिकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या स्टोनवॉल संस्थेच्या संस्थापकांत होता. पुढे त्याच मालिकेत सय्यद आणि ख्रिश्चन आले. मुसलमान घरातला मुलगा, आईचा कडवा विरोध, तरी २०१२मध्ये दोघे एकत्र गाव सोडतात. जिवंत!

शमी_लीड्स: हेच तर म्हणतेय! चुंबन पहिलं कोणी दाखवलं यापेक्षा पुढे त्या दोघींचा संसार दाखवतात का, हे मला महत्त्वाचं वाटतं. भाजी कोण आणणार यावरून भांडू देत की त्यांना.

मोगरा६४: मग 'जेंटलमन जॅक' लाव. लेखिका तुझ्या 'लास्ट टँगो'चीच, सॅली वेनराइट, आणि गावही हॅलिफॅक्सच. १८३०च्या दशकातल्या अ‍ॅन लिस्टर आणि अ‍ॅन वॉकर. पहिल्या सीझनच्या शेवटी यॉर्कच्या चर्चमध्ये दोघी एकत्र प्रसाद घेतात आणि तेच आपलं लग्न मानतात. त्यानंतर घर, इस्टेट, पैसा यावरून त्यांची भरपूर वादावादी आहे, तुला हवी तशी.