केबल नाही म्हणजे पोर्ट बंद? कोण म्हणतंय ओ?

उद्यमबागकर
काल आपल्या ग्रुपवर एकाने सल्ला टाकला: 'सर्व्हरचं दुसरं नेटवर्क पोर्ट वापरत नसाल तर तसंच सोडा. केबलच नाही तर काय होणार? बंद करत बसणं हा रिकामटेकडा उद्योग.' खाली अंगठ्यांची रांग. तिथं दोन ओळींत राग मावला नाही, म्हणून इथं लिहितोय.

काय होणार ते ऐका. बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीत उबुंटूचा (म्हणजे लिनक्सचा) सर्व्हर आहे. बसवणाऱ्याने नेटप्लॅनच्या, म्हणजे नेटवर्क सेटिंगच्या, फाईलमध्ये दोन्ही पोर्टना डीएचसीपी (राउटरकडून आपोआप पत्ता घेणं) ट्रू करून ठेवलं आणि बिल घेऊन गेला. दुसऱ्या पोर्टला केबल नाही. करंट जाऊन आला की सिस्टमडीचा (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामचा) वेट-ऑनलाईन त्या मुक्या पोर्टला पत्ता मिळायची वाट बघत बसतो, 120 सेकंद. दारात ट्रक उभा, चलन निघत नाही आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. हे 'काहीच न होणं' म्हणायचं का?

फाईलमधून त्या पोर्टचं नावच काढा. मग बूट होताना त्याला कोणी वर उचलतच नाही. ते नको असेल तर निदान ऑप्शनल ट्रू लिहा, म्हणजे त्याच्यासाठी कोणी थांबत नाही. आणि नुसतं 'आयपी लिंक सेट डाऊन' ही कमांड मारून मिशीला पीळ देऊ नका, ते रीबूटपर्यंतच टिकतंय.

निपाणी_नेट
अण्णा, दोन मिनिटांसाठी एवढं रामायण? चहा प्यायला तेवढा वेळ लागतोच की.

माझं म्हणणं उलटं आहे. रिकामं पोर्ट म्हणजे गाडीची स्टेपनी. रात्री पहिलं पोर्ट मेलं तर मी फोनवर वॉचमनला सांगू शकतो, 'मामा, ती निळी वायर शेजारच्या भोकात घाला.' पोर्ट बंद करून ठेवलं असेल तर एनएच 48 वरून मलाच गाडी काढावी लागते. तुमचं बरंय ओ, घर ते उद्यमबाग स्कूटरवर. आमची गिऱ्हाइकं चिकोडीपासून अथणीपर्यंत पसरलीयत.

टिळकवाडीची अक्का
निपाणीवाले, तुमची स्टेपनी आमच्या डोक्यावर पडलीय, म्हणून बोलते.

एका सौहार्द पतसंस्थेचं काम बघते. विंडोज सर्व्हर, तोच डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचं लॉगिन तपासणारा), त्यावरच डीएनएस (कुठल्या नावाचा पत्ता कुठला, याची वही). दुसरं पोर्ट उघडं. रंगकाम झालं, वायरी काढल्या-घातल्या, आणि कोणीतरी वायफाय राउटरची वायर त्या उघड्या पोर्टात घातली. झालं. सर्व्हरने राउटरकडून 192.168.1 चा पत्ता घेतला आणि डीएनएसमध्ये स्वतःच्या नावापुढे तोही नोंदवला. आता काउंटरवरचे काही पीसी बरोबर पत्त्यावर, काही चुकीच्या. एकीचं लॉगिन लगेच, शेजारणीचं होईना. सॉफ्टवेअरवाला म्हणतो नेटवर्क बघा, नेटवर्कवाला म्हणतो अँटीव्हायरस बघा. ठेवीदार म्हणतात संस्था बुडाली की काय!

अॅडॅप्टरवर राइट क्लिक, डिसेबल. एवढंच करायचं होतं. विंडोजमध्ये ते रीबूटनंतरही राहतं. केबल आज नाही ओ, उद्या कोणीतरी घालतोच.

निपाणी_नेट
तुमच्या रंगाऱ्याची चूक पोर्टच्या माथी कशाला मारताय? सर्व्हर रूमला कुलूप नाही काय?

टिळकवाडीची अक्का
सर्व्हर रूम? लोखंडी कपाटामागे आहे तो, वर जुनी लेजरं. तुम्ही पतसंस्था बघितलीच नाही वाटतं कधी.

उद्यमबागकर
आणि लिनक्सवाल्यांनी हसू नये. दोन्ही पोर्ट एकाच स्विचला लागली आणि दोन्हींना एकाच रेंजमधले पत्ते असले, तर मूळ सेटिंगमध्ये लिनक्स कुठल्याही पोर्टवरून कुठल्याही पत्त्याच्या एआरपीला ('हा पत्ता कोणाचा?' या हाकेला) उत्तर देतो. मग बाकीच्या पीसींना एकाच्या पत्त्याखाली दुसऱ्याचा मॅक (पोर्टचा स्वतःचा नंबर) दिसतो आणि आपण दिवसभर स्विचला शिव्या घालतो.

स्टेपनीच हवी तर बाँड करा, म्हणजे दोन पोर्ट मिळून एकच बनवा. अॅक्टिव्ह-बॅकअप मोड, दोन्ही केबल आजच लावून ठेवा. पहिलं मेलं की दुसरं आपोआप. वॉचमनमामाला झोपू द्या.

खानापूरचा पाऊस
सगळे सॉफ्टवेअरातच बसलाय. मला एक सांगा, वळवाच्या पावसात तुमचं डिसेबल काय करणार?

आमच्याकडे लाकडाच्या वखारीत ऑफिसपासून वजनकाट्यापर्यंत उघड्यावरून तांब्याची केबल टाकलेली. काटा दुसऱ्या लाईनवर गेला, पण केबल तशीच दुसऱ्या पोर्टात. पोर्ट 'बंद' होतं बरं का, सिस्टममध्ये डाऊन. मे महिन्यात वीज कडाडली आणि स्विच, सर्व्हरची दोन्ही पोर्टं, काट्याचा डिस्प्ले, सगळं गेलं. डाऊन केलं तरी तार चिपच्या दारापर्यंत जोडलेलीच असते. पोर्टाचं इन्सुलेशन 1500 व्होल्टला तपासलेलं असतंय, वीज काय तेवढ्यावर थांबते? केबल उपटून काढा. दोन इमारतींमध्ये फायबर टाका. बाकी चर्चा नंतर.

निपाणी_नेट
फायबर राहू दे, अर्थिंग केलं होतं का ते आधी सांगा.

खानापूरचा पाऊस
केलं होतं की. यूपीएसवाल्याने कॉम्प्युटरसाठी 'स्पेशल' खड्डा मारला. मीठ, कोळसा, तांब्याची प्लेट, पैसे मोजून.

निपाणी_नेट
बिल्डिंगच्या मेन अर्थिंगला जोडला होता का?

खानापूरचा पाऊस
नाही. तो म्हणाला वेगळाच पाहिजे, नाहीतर लाईनमध्ये मोटारींचा आवाज येतो.

निपाणी_नेट
मग मेलं त्यानेच! दोन खड्डे एकमेकांना जोडले नाहीत की वीज पडल्यावर दोन्हींमध्ये हजारो व्होल्टचा फरक पडतो, आणि तो फरक तुमच्या बोर्डातून वाट काढतो. आयएस 3043 (अर्थिंगचं भारतीय मानक) उघडून बघा, सगळी अर्थिंग एकत्र बांधायची असतात. आमच्याकडे एकच पिट, पाणी घातलं की रेझिस्टन्सचं रीडिंग एकदम खाली.

खानापूरचा पाऊस
तुमची काळी माती आहे हो! ओलावा धरून ठेवते. आमचा जांभा उन्हाळ्यात भाजलेल्या विटेसारखा कोरडा. निपाणीतलं शहाणपण इथं चालत नाही.

निपाणी_नेट
काळी माती उन्हाळ्यात भेगाळते ते माहीत आहे का? रॉडभोवती हात जाईल एवढी फट पडते. पाणी आम्हीपण घालतो, फुकट रीडिंग येत नाही. जांभ्यात रॉड वाढवा, खोल मारा, पण जोडा.

टिळकवाडीची अक्का
सर्व्हरचं पोर्ट बंद करायचं का, असा काहीतरी विषय होता ना?

कपिलेश्वर_लिनक्स
हे सगळं ऐकून मी बायोसमधूनच (मशीनच्या मूळ सेटिंगमधूनच) दुसरं पोर्ट बंद करणार होतो. एकदाच काय ते.

उद्यमबागकर
थांब बाबा! आधी बघ, रिमोट मॅनेजमेंट (लांबून मशीन सांभाळायची सोय) कुठल्या पोर्टवरून येतंय. पुष्कळ बोर्डांवर त्याला वेगळं पोर्ट असतं, पण तिथं केबल नसेल तर ते साध्या लॅन पोर्टात वाटेकरी होतं. तेच बायोसमधून मारलंस तर मशीन हँग झाल्यावर कुठून शिरणार? आणि बंद करण्याआधी 'इथटूल' उणे पी ही कमांड मारून पोर्टचा दिवा लुकलुकवून घे, म्हणजे कुठलं पोर्ट ते कळेल. लांबून करत असशील तर 'नेटप्लॅन ट्राय' वापर. 120 सेकंदांत एंटर मारला नाहीस तर जुनी फाईल परत येते.

कपिलेश्वर_लिनक्स
आणि पोर्टचं नाव बदललं तर? मध्ये एक कार्ड घातलं तर ईएनपी3 चं ईएनपी4 झालं.

उद्यमबागकर
होतं तसं, बसचा (बोर्डावरच्या जागेचा) नंबर सरकतो. मॅक पत्त्यावर बांध.

निपाणी_नेट
बरं, बाँड केला तर दुसरं पोर्ट रिकामं राहत नाही, म्हणजे बंद करायचा प्रश्नच मिटला. म्हणजे मीच बरोबर होतो.

उद्यमबागकर
होय की! तुम्ही बरोबर, फक्त तुमच्या एकाही सर्व्हरवर बाँड नाही.

निपाणी_नेट
दोन आहेत. बाकीच्यांवर या आठवड्यात करतो, तुमच्या सांगण्यावरून नव्हे. आणि खानापूरवाले, त्या खड्ड्याचं काय केलंत?

खानापूरचा पाऊस
उद्या इलेक्ट्रिशियन येतोय. जोडून घेतो आणि न्यूट्रल-अर्थमध्ये किती व्होल्ट येतात ते लिहितो.

निपाणी_नेट
मीटर तुमचा स्वतःचा लावा. यूपीएसवाल्याचा नको.