न्याय्य वेतन: कॅथोलिकांसाठी आज्ञा की सल्ला?

(चर्चामंचावरचा धागा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

केळीचं बन

नाताळच्या आदल्या आठवड्यात घरकामाच्या बाईला साडी, केकचा डबा आणि पाकीट द्यायचं, आणि वर्षभर मात्र आळीत सर्वांत कमी जो दर चालतो तोच पगार द्यायचा, हे आपल्यातल्या पुष्कळांना प्रेमाचं काम वाटतं. माझ्या मते तो सातव्या आज्ञेचा भंग आहे आणि तो पापनिवेदनात, म्हणजे धर्मगुरूजवळ पापांची कबुली देताना, सांगितला पाहिजे.

आधार देतो. 'कॅथोलिक धर्मशिक्षण' या अधिकृत शिकवणुकीच्या ग्रंथात 'चोरी करू नको' या सातव्या आज्ञेखाली परिच्छेद २४०९ मध्ये अन्याय्य मजुरी देणं हे चोरीच्याच रांगेत बसवलं आहे. परिच्छेद २४३४ म्हणतो की दोघांचं ठरलं होतं एवढ्यावरून पगाराची रक्कम नैतिक ठरत नाही. परिच्छेद १८६७ तर मजुरावरच्या अन्यायाची गणना स्वर्गाकडे आक्रोश करणाऱ्या पापांत करतो, म्हणजे भावानेच खून केलेल्या हाबेलच्या रक्ताच्या पंगतीत. मूळ बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात आहे (५:४): शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे.

१५ मे १८९१ रोजी पोप तेरावे लिओ यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक काढलं, त्यातला मुद्दा असा: नाइलाजाने किंवा याहून वाईट होईल या भीतीने मजुराने कमी पैशांवर मान डोलावली, तर ती संमती नव्हे, तो बळजबरीचा बळी आहे. "तिला परवडतं म्हणून ती करते" हे वाक्य आपण किती सहज बोलतो!

आणि साडीबद्दल. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने प्रापंचिकांच्या (धर्मगुरू नसलेल्या सामान्य श्रद्धावंतांच्या) प्रेषितकार्यावर १९६५ साली जो हुकूमनामा दिला, त्यात स्पष्ट म्हटलं आहे की न्यायाने जे देणं लागतो ते दान म्हणून देऊ नये. आधी पगार पुरा करा, मग साडी खुशाल द्या.

विवेक

तत्त्व मान्य, निष्कर्ष अमान्य.

ख्रिस्तसभेच्या (चर्चच्या) शिकवणुकीला पायऱ्या आहेत. श्रद्धासूत्रातल्या (श्रद्धेच्या जाहीर कबुलीतल्या) सत्यांना जो होकार द्यायचा तो वेगळा (ख्रिस्तसभेचा स्वतःचा धर्मकायदा, कलम ७५०), पोपमहोदय आणि बिशप अधिकाराने शिकवतात पण अंतिम म्हणून जाहीर करत नाहीत त्याला मन-बुद्धीची आदरयुक्त मान्यता (कलम ७५२), आणि परिस्थितीनुरूप काढलेले निष्कर्ष त्याहून वेगळे. सामाजिक शिकवणुकीचा २००४ चा सारग्रंथही हेच सांगतो: एखादी गोष्ट काळ-वेळेवर जितकी अवलंबून, तितकं तिचं वजन कमी. मजुरी न्याय्य असावी हे बंधनकारक आहे. ती किती असावी हे नाही.

दुसरं, पोप अकरावे पायस यांनी १९३१ च्या 'क्वाद्राजेसिमो आन्नो'मध्ये मजुरी ठरवायला तीन मापं दिली आहेत आणि आपण त्यातलं पहिलंच वाचतो. मजूर व त्याचं कुटुंब जगलं पाहिजे, हे एक. धंद्याची कुवत, हे दुसरं. आणि सर्वांचं हित, हे तिसरं. मजुरी फार खाली गेली तरी बेकारी येते आणि फार वर गेली तरी येते, असं त्यांनी लिहिलं आहे. निवृत्त जोडप्याने तासभर भांडी घासायला बाई ठेवली तर तिच्या अख्ख्या कुटुंबाचा भार त्यांच्यावर टाकणार का? मग ते यंत्र घेतील आणि तिचं तेवढंही काम जाईल.

केळीचं बन

विवेक, पायऱ्यांचा मुद्दा बरोबर आहे. पण रक्कम ठरलेली नाही म्हणून कर्तव्य ढिलं होत नाही. 'चोरी करू नको' या आज्ञेतही रक्कम नाही. किती चोरलं की पाप गंभीर, हे ठरवायला जुन्या नीतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी कोणतं माप घेतलं होतं? ज्याचं चोरलं त्याची एका दिवसाची मजुरी. श्रीमंताच्या शंभर रुपयांपेक्षा मजुराचे शंभर रुपये जड, कारण त्या दिवशी त्याच्या घरची चूल पेटत नाही. म्हणजे आकडा काढायची सवय आपल्या परंपरेला आधीपासून आहे. मजूर चोरी करतो तेव्हा आकडा काढता येतो आणि मालक कमी देतो तेव्हा येत नाही, हे मला पटत नाही.

तासाभराच्या कामाला तासाभराचा वाटा, हे मान्य. पण आठ तास राबवून चार तासांचा वाटा देणारे पुष्कळ आहेत, माझा रोख त्यांच्याकडे आहे.

गिरणगावकर

मी ख्रिस्ती नाही, कामगार चळवळीच्या बाजूने लिहितो. न्याय्य वेतनाचा आकडा नेमका किती, हे इथे दोघांनीही सांगितलं नाही. आपल्या देशात तो १९५७ पासून काढता येतो.

त्या वर्षीच्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेचं सूत्र असं: एका कमावत्यामागे तीन उपभोग घटक (एका प्रौढ पुरुषाचा खर्च म्हणजे एक घटक, बाकीच्यांचा त्याहून कमी). प्रौढ माणसाला रोज २,७०० उष्मांकांचं अन्न. चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड. घरभाडं. इंधन, दिवाबत्ती आणि किरकोळ खर्च हा एकूण वेतनाच्या २० टक्के. पुढे १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट खटल्यात मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण, लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्के धरायला सांगितले.

इथे एक चूक हटकून होते. हे २० आणि २५ टक्के एकूण वेतनाचे आहेत, अन्न-कापड-भाड्याच्या बेरजेचे नाहीत. समजा बेरीज १०,००० रुपये आली. तिच्यावर ४५ टक्के चढवले तर १४,५०० होतात, आणि हे चूक. १०,००० हे एकूण वेतनाचे उरलेले ५५ टक्के आहेत, म्हणून भागिले ०.५५, म्हणजे १८,१८२. महिन्याला ३,६८२ रुपयांचा फरक केवळ गणितातल्या निष्काळजीपणातून पडतो, आणि तो नेहमी मजुराच्याच अंगावर पडतो.

धंद्याच्या कुवतीबद्दल: सर्वोच्च न्यायालयाने १९५० च्या दशकातच क्राउन अॅल्युमिनियमच्या निकालात म्हटलं की किमान वेतनही देऊ न शकणाऱ्या उद्योगाला चालू राहण्याचा हक्क नाही. या बाबतीत तुमच्या पायसमहोदयांपेक्षा आपलं न्यायालय पुढे आहे. कायदा एवढा स्पष्ट असताना धर्माची जोड कशाला हवी?

विवेक

हे भागिले ०.५५ चं उपयोगी आहे, धन्यवाद.

पायस यांचं वाक्य मात्र पूर्ण वाचावं. धंदा बुडेल इतकी मजुरी मागणं अन्याय्य, असं म्हणून ते लगेच जोडतात: तोटा मालकाच्या आळसामुळे, कल्पकता नसल्यामुळे किंवा जुन्याच तंत्राला चिकटून राहिल्यामुळे झाला असेल, तर मजुरी कापायला ते कारण चालणार नाही. आणि बाहेरच्या दबावाने माल पडेल भावात विकावा लागत असेल, तर दबाव टाकणारे दोषी. छोट्या कंत्राटदाराचा दर पाडणारी बडी कंपनी यात येते. पोप दुसरे जॉन पॉल यांच्या १९८१ च्या 'लाबोरेम एक्झेर्चेन्स' या परिपत्रकात तिला 'अप्रत्यक्ष मालक' हे नाव मिळालं. न्यायालयासमोर सहसा एक मालक आणि त्याचे कामगार असतात. परिपत्रक साखळीच्या वरच्या टोकापर्यंत बोट नेतं.

कुटुंब-वेतनाची अडचण मात्र राहतेच. मुलं जास्त त्याला पगार जास्त, असं एकेका मालकावर सोपवलं तर तो सडाफटिंग माणूसच कामावर घेईल. फ्रान्समध्ये म्हणूनच मालकांनी सामाईक निधी काढले, मुलांमागचा भत्ता त्या निधीतून मिळू लागला, आणि १९३२ च्या कायद्याने त्यांत सामील होणं मालकांना सक्तीचं झालं. 'लाबोरेम एक्झेर्चेन्स'ही कुटुंब-वेतन किंवा भत्ते असे दोन्ही मार्ग मोकळे ठेवतं. म्हणून म्हणतो, कोणता मार्ग हे व्यासपीठावरून सांगू नये.

श्रद्धासार

हा सगळा धागा वाचून वाईट वाटलं. त्रैक्य, देहधारण, पुनरुत्थान, पवित्र मिस्सा (वेदीवरचा उपासनाविधी) हा आपल्या श्रद्धेचा गाभा. इथे उष्मांक आणि कापडाचे वार मोजले जात आहेत. श्रद्धासूत्रात वेतनाचा शब्द नाही. १९८४ मध्ये रोमच्या श्रद्धाविषयक मंडळाने मुक्तीच्या ईशज्ञानातल्या (गरिबांच्या सामाजिक मुक्तीवर भर देणाऱ्या धर्मविचारातल्या) काही प्रवाहांबद्दल इशारा दिला तो याचसाठी: वर्गसंघर्षाची चौकट घेतली की पापापासूनची मुक्ती बाजूला पडते आणि ख्रिस्त पुढारी होतो. गरिबांवर प्रेम करा, जरूर करा. पण तारण पगारपत्रकाने होत नाही.

केळीचं बन

श्रद्धासार, तुमची काळजी खरी आहे, ती झटकत नाही. त्याच मंडळाने १९८६ मध्ये दुसरं निवेदन काढलं, त्यात गरिबांना अग्रक्रम देणारं प्रेम ख्रिस्तसभेचं आपलं म्हणून स्वीकारलं आहे. दोन्ही एकत्र वाचावीत.

श्रद्धासूत्रात 'जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करावयास तो पुन्हा येईल' हे आहे ना? तो न्याय कशावर होणार ते मत्तयच्या २५ व्या अध्यायात आहे: भूक, तहान, कपडे, आजार, तुरुंग. कापडाचे वार मोजणं गाभ्याच्या बाहेर कसं जाईल? देवाने सुताराच्या घरात देह घेतला हे मानणाऱ्याला सुताराच्या मजुरीबद्दल मत असणं भाग आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८७ मध्ये लिहिलं की ही शिकवण भांडवलशाही आणि साम्यवाद यांमधला तिसरा मार्ग नव्हे, ती नीतिविषयक ईशज्ञानाचा भाग आहे. म्हणजे पक्षाच्या जाहीरनाम्याशी तिची गाठ नाही, आपल्या विवेकबुद्धीशी आहे.

गिरणगावकर, धर्माची जोड कशाला, याचं उत्तर: कायदा हा निरीक्षक पोचतो तिथपर्यंतच चालतो. घरकामाची बाई राबते त्या स्वयंपाकघरात निरीक्षक येत नाही.

हिशेबनीस

शेजाऱ्याच्या मोलकरणीवरून धागा निघाला, आता आपल्या घरात, म्हणजे चर्चमध्ये, पाहू. धर्मकायद्याचं कलम १२८६: ख्रिस्तसभेच्या मालमत्तेच्या व्यवस्थापकांनी कामगार कायदे काटेकोर पाळावेत, आणि कामावरच्या माणसांना त्यांच्यावर अवलंबून असणाऱ्यांसह भागेल असा न्याय्य पगार द्यावा.

पळवाट बहुतेक वेळा शब्दातून निघते. घंटा वाजवणारा, वेदी लावणारा, दफनभूमीत खड्डा खणणारा, ऑर्गन वाजवणारा यांना 'पगार' न म्हणता 'मानधन' म्हटलं की हजेरीपुस्तक नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, रजा नाही. शाळांत दुसरी पद्धत: अकरा महिन्यांचं नेमणूकपत्र, महिनाभर खंड, पुन्हा अकरा. किंवा मूळ पगार लहान दाखवून उरलेलं भत्त्यांत घालायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सरसकट सगळ्यांना मिळणारे भत्ते भविष्यनिर्वाह निधीसाठी धरायला लावले, तेव्हा हा रस्ता बराच बंद झाला.

उपदान (ग्रॅच्युइटी) पाहा, म्हणजे नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता १२,००० असेल, नोकरी २० वर्षं, तर १२,००० × १५ ÷ २६ × २० = १,३८,४६१ रुपये. कायद्याचा उंबरठा दहा माणसांचा आहे, म्हणून चार माणसं कामाला असलेला धर्मग्राम (एका चर्चचा परिसर) कायद्याने सुटतो. कलम १२८६ ला असा उंबरठा नाही.

पण आता विरुद्ध बाजूने. लहान धर्मग्रामाची रविवारची वर्गणी, फेस्ताचं (चर्चच्या सणाचं) उत्पन्न, सभागृहाचं भाडं यांतून वीज, डागडुजी, मिस्साचं साहित्य गेल्यावर चौघांना १८,१८२ देता येत नाहीत. हे कंजूषपणाचं लक्षण नाही, वजाबाकीचं आहे. लाखो रुपये शिल्लक असलेला धर्मग्राम आणि हा धर्मग्राम एकाच तराजूत घालू नका.

अर्नाळा

हिशेबनीस, वजाबाकी धर्मग्रामाच्या वहीत केली म्हणून ती तशी आली. धर्मप्रांताच्या, म्हणजे एका बिशपाखालच्या सगळ्या धर्मग्रामांच्या, वहीत करा. कलम १२७४ चा तिसरा भाग सांगतो की धर्मप्रांतात गरजेप्रमाणे सामाईक निधी उभारावा, त्यातून ख्रिस्तसभेची सेवा करणाऱ्या इतरांची देणी भागवावी आणि सधन धर्मप्रांतांनी गरीब धर्मप्रांतांना हात द्यावा.

'पूरकतेचं तत्त्व' म्हणजे वरच्याने खालच्यात ढवळाढवळ करू नये, एवढंच आपल्याकडे पाठ झालं आहे. मूळ लॅटिन शब्द सुब्सिडियुम, म्हणजे मदत. खालच्याला जमतं ते त्याच्याकडून काढून घेऊ नये, आणि जमत नाही तिथे वरच्याने उभं राहावं. अर्धं तत्त्व पाळून लहान धर्मग्रामांना एकटं सोडणं म्हणजे पूरकता नव्हे.

सहकाराची सवय आपल्याला नवी नाही. वसईत कॅथोलिकांनी १९१८ साली सहकारी पतसंस्था उभी केली, तिची आज बँक आहे. सावकारी व्याजातून शेतकरी सुटावा म्हणून जे जमलं ते सेवकाच्या उपदानासाठी का जमू नये? प्रत्येक धर्मग्रामाने दर सेवकामागे दर महिन्याला पगाराचे ४.८१ टक्के (१५ ÷ २६ ÷ १२) सामाईक खात्यात टाकले तर निवृत्तीच्या दिवशी धावाधाव होत नाही. पगार वाढला की मागच्या वर्षांचा फरकही वाढतो, म्हणून दर एप्रिलला तो भरावा. नाहीतर खातं नेमकं जुन्या सेवकाच्या वेळी अपुरं पडतं.

विवेक

४.८१ टक्के एवढा आकडा ठोस असेल तर माझी हरकत नाही. धर्मप्रांताने ठरवलेला आणि वहीत दिसणारा आकडा हा उपदेश नसतो, निर्णय असतो.

पण अर्धवेळ सेवकाचं काय? १८,१८२ भागिले २६ दिवस भागिले ८ तास, म्हणजे तासाला साधारण ८७ रुपये. दोन मिस्सांची तयारी-आवरासावर मिळून तीन तास धरा. रोजचे २६२.

हिशेबनीस

तीन तास नाहीत. पहाटे साडेपाचला तो दार उघडतो, संध्याकाळच्या मिस्सानंतर आठला कुलूप लावतो. मधल्या दहा-अकरा तासांत कोण त्याला दुसरं काम देईल? अंत्यविधी आला की दुपारीही बोलावणं. त्याचा दिवस आपण बांधून घेतो आणि पैसे तासांचे देतो. निदान सहा तास धरावेत.

विवेक

सहा मला जास्त वाटतात. मिस्साची वेळ ठरलेली असते, दुपार त्याची मोकळी. चार धरा, आणि अंत्यविधीचा दर वेगळा.

केळीचं बन

दुपार त्याची मोकळी आहे की नाही, हे त्यालाच विचारायला हवं. वित्त समितीच्या बैठकीला त्याला बोलवा. 'रेरुम नोव्हारुम'ने कामगारांचा संघटनेचा हक्क मान्य केला त्याला शतक उलटून गेलं. खुर्च्या मांडायला तो त्या बैठकीला येतोच, त्यातली एक त्यालाही द्या.